गेमिंगला आणि कामाला एकच मॉनिटर: आधी टेबल मोजा, हर्ट्झ शेवटी बघा

मॉनिटरची खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा आकडा मनात बसतो, मग बजेट ठरतं, मग इंच. खोका घरी आला की कळतं, टेबल जेमतेम दोन फूट खोल आहे, ऑफिसच्या लॅपटॉपचं पोर्ट जुनं आहे आणि १८० हर्ट्झच्या पडद्यावर एक्सेलमधली अक्षरं खरखरीत दिसताहेत.

दिवसा सात-आठ तास काम आणि रात्री दोन तास खेळ, असं ज्यांचं गणित आहे त्यांच्यासाठी हा क्रम आहे. टप्पे वरखाली करू नका, कारण आधीचा टप्पा पुढचे पर्याय कमी करत जातो. तयारीला चार गोष्टी लागतील: मेजरिंग टेप, मोठ्या खोक्याचा पुठ्ठा, फोन, आणि लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्डचं पूर्ण मॉडेल नाव.

## टप्पा १: टेबल आणि भिंत मोजा

टेबलाची खोली भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत मोजा. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये सुतारानं बनवलेलं स्टडी टेबल बहुधा ४५ ते ६० सेंटिमीटर खोल असतं. मॉनिटरच्या स्टँडचा पाय २० ते २५ सेंटिमीटर जागा खातो आणि पडदा साधारण त्याच्या मध्यावर उभा राहतो. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या टेबलावर पडदा कडेपासून ४५ सेंटिमीटरवर येईल. तुम्ही कडेपासून थोडे मागे बसता, म्हणजे डोळे ते पडदा अंतर ५५ ते ६० सेंटिमीटर. हा आकडा लिहून ठेवा. पुढचा अर्धा निर्णय त्याच्यावर आहे.

आता पडद्याची मापं बघा. ही फक्त दिसणाऱ्या भागाची आहेत. चौकटीचा एखादा सेंटिमीटर वर धरा.

- २४ इंच: रुंदी ५३, उंची ३० सेंटिमीटर
- २७ इंच: रुंदी ६०, उंची ३४ सेंटिमीटर
- ३२ इंच: रुंदी ७१, उंची ४० सेंटिमीटर
- ३४ इंची अल्ट्रावाइड: रुंदी ८०, उंची ३३ सेंटिमीटर

मापाचा पुठ्ठा कापा, पडदा जिथे येणार तिथे उभा करा आणि समोर दहा मिनिटं बसा. चारही कोपरे बघायला मान वळवावी लागत असेल तर तो आकार तुमच्या टेबलाचा नाही. ३२ इंची मॉनिटर शोरूममध्ये देखणा वाटतो तो तुम्ही दीड मीटरवर उभे असता म्हणून.

टेबलाच्या वर कपाट किंवा फळी आहे का? मग टेबलापासून फळीपर्यंतची उंचीही मोजा. २७ इंची मॉनिटर स्टँडसकट, स्टँडच्या उंचीप्रमाणे, ४५ ते ५५ सेंटिमीटर होतो. स्टडी युनिटचा कोनाडा ४५ सेंटिमीटरचा निघाला की उंची कमी-जास्त होणारा महागडा स्टँड खालच्या खाचेतच अडकून राहतो.

खिडकी कुठे आहे तेही बघा. ती पाठीमागे असेल तर दुपारी चारनंतर पडद्यात तुमचा चेहरा आणि समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसेल. टेबल फिरवता येत नसेल तर चकचकीत पडदा यादीतून आत्ताच काढा. मॅट पडदा आणि निदान ३०० निट्सचा उजेड हवा, ३५० मिळाला तर अधिक चांगलं.

सावधान: जागा वाचवायला मॉनिटर आर्म, म्हणजे टेबलाला क्लॅम्पनं बसणारा दुमडता हात, लावणार असाल तर टेबलाची फळी बघा. १८ मिलिमीटरचा प्लाय क्लॅम्प सहन करतो. काचेच्या टेबलावर क्लॅम्प लावायचाच नाही. पार्टिकल बोर्डाची कड चुरते, तिथे वर-खाली लोखंडी पट्टी द्या. आणि आर्म दुमडला की त्याचं कोपर मागे येतं. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर ते भिंतीवर आपटतं आणि पडदा उलट पुढेच राहतो.

## टप्पा २: तुमचं मशीन काय पाठवू शकतं ते बघा

मॉनिटर कितीही भारी असला तरी पोर्टमधून येईल तेवढंच तो दाखवणार. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर पूर्ण मॉडेल नाव टाकून पोर्टची आवृत्ती शोधा. ‘एचडीएमआय आहे’ एवढ्यावर थांबू नका. खालच्या यादीतली १४४०पी आणि ४के (आणि पुढे येणारं १०८०पी) ही रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल (ठिपके) आहेत त्याची नावं. सर्वांत कमी १०८०पीला, सर्वांत जास्त ४केला.

- एचडीएमआय १.४: ४केला फक्त ३० हर्ट्झ, १४४०पीला साधारण ६०
- एचडीएमआय २.०: ४केला ६०, १४४०पीला १४४
- डिस्प्लेपोर्ट १.२: ४केला ६०, १४४०पीला १४४ ते १६५
- डिस्प्लेपोर्ट १.४: १४४०पीला २४०, ४केला १२०, डीएससी (चित्र दाबून पाठवण्याची सोय) असेल तर ४केला १४४ आणि त्याहून जास्त
- एचडीएमआय २.१, पूर्ण बँडविड्थचं (माहिती वाहून नेण्याची पूर्ण क्षमता असलेलं): ४केला १२० आणि वर

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ४के पडदा जुन्या ऑफिस लॅपटॉपला जोडला की ३० हर्ट्झवर चालतो. चित्र स्वच्छ दिसतं, पण माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो आणि लोक मॉनिटरला दोष देतात. दुसरा खड्डा ‘एचडीएमआय २.१’ या लेबलचा. नियमानुसार २.१ ची बरीच वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत, त्यामुळे जुन्या २.० इतकीच बँडविड्थ असलेल्या पोर्टवरही हे नाव छापलं जातं. आवृत्ती विचारू नका. ‘या पोर्टवर कुठल्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ?’ असं विचारा. उत्तर मॉनिटरच्या मॅन्युअलमधल्या टायमिंगच्या तक्त्यात असतं. १८० हर्ट्झच्या बऱ्याच १४४०पी मॉनिटरना एचडीएमआयवर १४४च मिळतात. १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर.

यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह शोधा, नसेल तर मॉडेलच्या माहितीत बघा. एम१ आणि एम२च्या मॅकबुक एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. दोन मॉनिटरचा बेत असेल तर तो इथेच थांबवा.

तपासा: ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा गेमिंग पीसी एकाच मॉनिटरला जोडणार का? मग दोघांची पोर्ट वेगवेगळी लिहा आणि दोन्हींना एकाच वेळी जोडून ठेवण्याइतके इनपुट मॉनिटरला आहेत का ते बघा. रोज सकाळ-संध्याकाळ केबल काढघाल केली की पोर्ट हळूहळू सैल होऊ शकतं.

## टप्पा ३: आकार आणि रिझोल्यूशन एकत्र ठरवा

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. इंच आणि रिझोल्यूशन सुटंसुटं निवडायचं नसतं. दोन्ही मिळून एका पिक्सेलचा आकार ठरतो आणि अक्षर त्या पिक्सेलांनी बनतं.

- २४ इंच १०८०पी: पिक्सेल ०.२८ मिलिमीटर, इंचाला ९२
- २७ इंच १०८०पी: ०.३१ मिलिमीटर, इंचाला ८२
- २७ इंच १४४०पी: ०.२३ मिलिमीटर, इंचाला १०९
- ३२ इंच १४४०पी: ०.२८ मिलिमीटर, इंचाला ९२
- ३२ इंच ४के: ०.१८ मिलिमीटर, इंचाला १३८
- २७ इंच ४के: ०.१६ मिलिमीटर, इंचाला १६३

धडधाकट नजरेला पिक्सेल सुटा दिसेनासा कधी होतो? इंचाला ८२ असतील तर साधारण १०५ सेंटिमीटरच्या पलीकडे. १०९ असतील तर ८० सेंटिमीटर, १६३ असतील तर ५५च्या आत. आता पहिल्या टप्प्यात लिहिलेलं अंतर काढा. ५५-६० सेंटिमीटरवर बसून २७ इंची १०८०पी बघणं म्हणजे जाळीच्या पडद्यातून वाचणं. गेममध्ये ते खपून जातं, कारण चित्र हलत असतं. दिवसभराच्या वाचनात खपत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना हे आणखी जाणवतं. रोमन अक्षराच्या मानानं देवनागरीत त्याच उंचीत जास्त रेषा कोंबलेल्या असतात: शिरोरेषा, वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. दुकानात फोनवरून स्वतःला मेल केलेली एक ओळ उघडा: ‘शुद्ध, द्वंद्व, विद्यार्थी, उद्घाटन, कर्तृत्व, शृंखला’. अक्षर निर्मला यूआय, आकार ११, झूम १००. द्ध आणि द्व यांतला फरक डोळे न ताणता कळला पाहिजे. २७ इंची १०८०पीवर पिक्सेल मोठे असल्यानं रेषांच्या पायऱ्या दिसतात. लोक मग झूम १२५ करतात आणि मोठ्या पडद्यावर मिळालेली जागा तिथेच घालवतात.

जागेचा हिशेब ए४ कागदानं करा. ए४ची उंची २९.७ सेंटिमीटर. २४ इंची पडद्याची उंचीच ३०, म्हणजे वरची टूलबार आणि खालचा टास्कबार धरला तर पूर्ण पान खऱ्या आकारात मावत नाही. २७ इंचीवर दोन पानं शेजारीशेजारी बसतात आणि बाजूला १८ सेंटिमीटर उरतात. तिथे चॅटची खिडकी राहते.

आता उलट बाजू. १४४०पीमध्ये १०८०पीपेक्षा ७८ टक्के जास्त पिक्सेल असतात, ४केमध्ये चौपट. ते सगळे ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये रंगवायचे असतात. तुमच्या आवडत्या गेममध्ये १०८०पीला आत्ता किती फ्रेम येतात ते मोजा. ९०च्या आसपास असतील तर १४४०पीवर ६०च्या आसपास धरा आणि ४केचा विचार डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याची सोय) असलेल्या गेमपुरताच करा.

निवड अशी. टेबल ६० सेंटिमीटर आणि काम-खेळ दोन्ही: २७ इंच १४४०पी. टेबल ४५-५० सेंटिमीटर, किंवा फक्त व्हॅलोरंटसारखे गेम: २४ इंच १०८०पी, आणि त्यात कमीपणा काही नाही. दिवसभर मजकूर किंवा कोड, खेळ कन्सोलवर किंवा कधीतरी: २७ इंच ४के, स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायचं सेटिंग) १५० टक्के. त्यात जागा १४४०पीएवढीच मिळते, पण अक्षर छापल्यासारखं येतं. ३२ इंच १४४०पी घेऊ नका. २४ इंची १०८०पीएवढीच जाडीभरडी अक्षरं तुम्ही जास्त पैसे देऊन घेता.

## टप्पा ४: पॅनल

पॅनल म्हणजे चित्र उमटवणारा पडद्याचा भाग. त्याचे मुख्य प्रकार तीन.

आयपीएस. कामाला सर्वांत निर्धोक. बाजूनं बघितलं तरी रंग बदलत नाही. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो आणि कोपऱ्यात थोडी चमक असते.

व्हीए. कॉन्ट्रास्ट ३०००:१च्या आसपास, काळा खरंच काळा. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्याकडून करड्याकडे जाताना पिक्सेल आळशी असतात, आणि अंधाऱ्या गुहेतून पळताना पात्रामागे शाईचा डाग ओढल्यासारखा दिसतो. डार्क मोडमध्ये स्क्रोल करतानाही तेच. स्पेसिफिकेशनमध्ये हा दोष कधीच लिहिलेला नसतो.

ओएलईडी. गेमसाठी याच्यापुढे काही नाही. कामाच्या टेबलावर मात्र दोन प्रश्न उभे राहतात. एक बर्न-इन, म्हणजे एकाच जागी राहिलेल्या चित्राची पडद्यावर उमटणारी कायमची खूण: टास्कबार, एक्सेलची रिबन, रोज आठ तास त्याच जागी. दुसरा प्रश्न अक्षरांचा. क्यूडी-ओएलईडीच्या (ओएलईडीचा एक प्रकार) बऱ्याच पॅनलमध्ये लाल-हिरवे-निळे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात असतात, त्यामुळे आडव्या कडेला वर हिरवट आणि खाली गुलाबी किनार येते. इंग्रजी वाचताना ती फारशी टोचत नाही. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेषा असते. पांढऱ्या पानावर काळा मराठी मजकूर उघडून बघितल्याशिवाय क्यूडी-ओएलईडी घेऊ नका. घ्यायचाच तर बर्न-इन वॉरंटीत धरल्याचं लेखी बघा आणि टास्कबार लपवायची सवय लावा.

सावधान: जास्त उजळ-गडद चित्राचं आश्वासन देणाऱ्या ‘एचडीआर ४००’ या शिक्क्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. त्या पातळीला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची अट नाही, त्यामुळे एचडीआर चालू केल्यावर चित्र बहुधा फिकटच होतं.

## टप्पा ५: आता हर्ट्झ

६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला ६.९, २४०ला ४.२. पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनही नाही. म्हणून ६०वरून १४४ला जाणं कोणालाही जाणवतं, अगदी एक्सेलची पट्टी खाली ओढतानाही. १६५ आणि १८०मधला फरक मात्र जाहिरातीत जास्त आणि डोळ्यांना कमी दिसतो. स्पर्धेत खेळत नसाल तर १४४ ते १८० पुरे. वाचलेले पैसे स्टँडवर किंवा पॅनलवर घाला.

‘१ मिलिसेकंद’ हा आकडा दोन प्रकारे मोजतात. जीटीजी म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. एमपीआरटी म्हणजे हलतं चित्र डोळ्यांना किती पुसट दिसतं त्याचं माप. त्याचा १ बहुधा मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला असतो, आणि तो मोड चालू केला की उजेड कमी होतो, बऱ्याच मॉनिटरवर व्हीआरआरही (गेमच्या फ्रेमप्रमाणे हर्ट्झ बदलण्याची सोय) बंद होतो. खोक्यावर एमपीआरटी असेल तर जीटीजी वेगळा शोधा.

व्हीआरआर, म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंक कंपॅटिबल, हवाच. त्याची खालची मर्यादा ४८ हर्ट्झच्या आसपास असली की बरं. पीएस५ जोडणार असाल तर एचडीएमआयवरून व्हीआरआर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं फ्रीसिंक लिहिलेलं तिथे पुरत नाही.

स्टँडबद्दल एवढंच: फक्त पुढे-मागे झुकणाऱ्या स्टँडवर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली राहते आणि आठवड्यात मान अवघडते. उंची बदलणारा स्टँड घ्या, नाहीतर मागे आर्म बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत का ते बघा.

## टप्पा ६: दुकानात

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर घरून निघण्यापूर्वी फोन करून मॉडेल शिल्लक आहे का ते विचारा. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवायला सांगा. एकाच नावाच्या दोन मॉनिटरमध्ये शेवटच्या एका अक्षरानं स्टँड किंवा पॅनल बदललेलं असतं.

काऊंटरवर क्रम हा ठेवा:

1. खोक्याचं सील आणि मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर बघा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तिथेच असतो.
2. तिथेच जोडून चालू करून दाखवायला सांगा. ‘घरी लावा, काही झालं तर आणा’ याला हो म्हणू नका.
3. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे पडदे दाखवा. फोनमध्ये पाच चित्रं आणि सोबत पेनड्राइव्ह असला की काम भागतं.
4. किती मृत पिक्सेल असले तर कंपनी बदलून देते ते विचारा. एक-दोन असतील तर बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत, म्हणून ते पैसे देण्यापूर्वीच शोधायचे.
5. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय थोडं कमी करतो’ म्हणजे वॉरंटी सोडून देणं. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटीही २८चा १८ टक्के झाला आहे. अल्ट्रावाइडच्या बिलावर जुना दर दिसला तर थांबवा.

ऑनलाइन मागवलात तर खोका उघडण्यापासून पडदा पेटेपर्यंत एकच सलग व्हिडिओ करा, लेबल आणि सील त्यात दिसू द्या. वॉरंटी घरी येऊन मिळते की सेंटरला उचलून न्यावं लागतं, हे ऑर्डरपूर्वी वाचा. ३२ इंचाचा मॉनिटर पावसात सर्व्हिस सेंटरला नेणं हे एक वेगळंच काम आहे.

घरी आणताना: लॅमिंग्टन रोडला रिक्षा मिळत नाही, आणि काळी-पिवळी टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर असतं. खोका मागच्या सीटवर, उभा, पट्टा लावून ठेवा. आडवा टाकून वर बॅग ठेवली की पॅनलवर दाब येतो. गर्दीच्या वेळेची लोकल तर विसराच.

## टप्पा ७: घरी, पहिल्या दिवशी

पावसाळ्यात किंवा एसी गाडीतून आणला असेल तर खोका बंदच ठेवून तासभर थांबा. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं. मॉनिटर खोक्यातून फोमसकट काढा, फोममध्येच पालथा ठेवून स्टँड लावा आणि मग उभा करा. पडद्याच्या समोरच्या बाजूला बोटं लावून उचलायचा नाही.

डेस्कटॉप असेल तर केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. मदरबोर्डचं पोर्ट वर असतं, हात आधी तिकडेच जातो, आणि मग महागडं कार्ड खाली नुसतं बसून राहतं.

मग सेटिंग, याच क्रमानं:

1. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट बहुधा ६०वरच असतो. तो स्वतः वाढवावा लागतो. कित्येक १४४ हर्ट्झचे मॉनिटर वर्षानुवर्षं ६०वर चालत असतात.
2. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक किंवा ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करा, मग ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये.
3. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलवणारं सेटिंग) मधल्या पायरीवर. सर्वांत वरच्या पायरीवर हलत्या वस्तूमागे उजळ सावली येते. टेस्टयूएफओच्या साइटवर दोन मिनिटांत दिसेल.
4. उजेड खोलीइतका. पांढरं पान आणि शेजारी धरलेला कोरा कागद सारखे उजळ दिसले की थांबा.
5. रंग भडक वाटले तर एसआरजीबी मोड लावा, आणि मगच कुणाचा फोटो एडिट करून पाठवा.
6. क्लिअरटाइप (अक्षर सुबक करणारं विंडोजचं साधन) चालवा आणि ती ‘शुद्ध, द्वंद्व’ची ओळ पुन्हा वाचा.

तपासा: रात्री दिवे बंद करून काळा पडदा लावा, उजेड रोजच्या पातळीला ठेवून. कोपऱ्यातला फिकट उजेड आयपीएसला असतोच. पण एकाच कडेतून पिवळा झोत येत असेल तर फोटो काढून लगेच तक्रार करा. बदलून देण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती खोका मिळाल्या दिवसापासून धरतात.

बिलाचा फोटो आणि सीरियल नंबर स्वतःला मेल करा, कंपनीच्या साइटवर वॉरंटी नोंदवा. खोका आणि फोम निदान बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. जागा असेल तर वॉरंटीभर ठेवा, घर बदलताना पॅनल वाचवणारी तीच एक वस्तू आहे.